वाण की गुण? प्राण्यांचं उपजत आणि शिकलेलं वागणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्याकडे आहे आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हीसुद्धा. दोन्ही सारख्याच ठसक्यात ऐकवल्या जातात, बऱ्याचदा एकाच माणसाकडून, सोय बघून. जीवशास्त्र शिकवताना आणि पोरांना घेऊन रानात हिंडताना मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं चार ओळींत आटोपली, काही लांबली.

उपजत वागणं नक्की कशाला म्हणायचं?

कुणी दाखवलेलं नाही, सराव झालेला नाही, तरी पहिल्याच खेपेला बऱ्यापैकी जमतं आणि त्या जातीच्या सगळ्या प्राण्यांत जवळपास सारखंच दिसतं, ते उपजत.

उदाहरण तुमच्या घरातच असेल. खिडकीच्या चौकटीवर किंवा ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिखलाचं मडकं लिंपणारी कुंभारीण माशी बघा. ती ओल्या मातीच्या गोळ्या आणून मडकं घडवते, आत अंडं घालते, नांगी मारून लुळ्या केलेल्या अळ्या भरते (काही जाती कोळी भरतात), तोंड लिंपते आणि निघून जाते. अंड्यातून निघालेला जीव ती शिदोरी खाऊन वाढतो, कोष करतो आणि माशी होऊन भिंत फोडून बाहेर पडतो. आईला त्यानं कधी पाहिलेलं नाही. तरी त्यातली मादी तसंच मडकं लिंपते, तशीच शिकार भरते.

संतवाङ्मयात येणारा कीटक-भृंगाचा दृष्टांत यावरूनच आला असावा: भृंगाचा ध्यास घेऊन अळीच भृंग होते. आत अळी जाते आणि बाहेर माशी येते, एवढं निरीक्षण अगदी बरोबर होतं. फक्त ती अळी आत ध्यानाला बसलेली नसते, ताटात वाढलेली असते.

एवढं नेमकं काम करते म्हणजे तिला अक्कल असणारच ना?

काम नेमकं असलं म्हणजे ते समजून केलेलं असतं असं नाही. ते कळतं काहीतरी बिघडतं तेव्हा. कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी 1938 साली राखी हंसांवरचं एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. अंडं घरट्याबाहेर गेलं, की हंसीण मान लांब करून चोचीच्या खालच्या बाजूनं ते हळूहळू आत ओढते. ओढणं सुरू झाल्यावर अंडं मधूनच काढून घेतलं, तरी ती नसलेलं अंडं घरट्यापर्यंत ओढत नेते. चाल एकदा सुरू झाली की संपेपर्यंत चालते. तिला सुरू करायला एक खूण पुरते. अंड्याच्या जागी दुसरी एखादी गोल वस्तू ठेवली तरी ती तेवढ्याच मायेनं ओढली जाते.

आणि शिकणं म्हणजे?

अनुभवानं वागण्यात झालेला, टिकून राहणारा बदल. त्यातला सगळ्यात साधा प्रकार ज्वारीच्या रानात दिसतो. बुजगावणं उभं केलं की पहिले काही दिवस पाखरं बिचकतात. मग हा इसम हलत नाही, दगड मारत नाही, हे त्यांच्या लक्षात येतं आणि थोड्याच दिवसांत चिमण्या त्याच्या हातावर बसून कणसं टिपतात. याला सरावणं म्हणायचं. बुजगावण्याची जागा आणि कपडे बदलत राहणारा शेतकरी नकळत याच शास्त्रावर चालतो.

मग प्रत्येक वागणं या दोनपैकी एका खान्यात टाकता येतं?

परीक्षेत टाकावं लागतं, कारण तिथे ‘फरक स्पष्ट करा’ असतो. प्रत्यक्षात फार थोडी वागणुक एका खान्यात मावते.

आमच्या शेजारच्या काकींनी एकदा खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, बदकाच्या 28. बिचारी जादाचा आठवडा निमूटपणे बसली. पिल्लं निघाली आणि तिच्या मागे एका रांगेत चालू लागली. कोंबडी उकिरडा उकरी, पिल्लं भोवती घुटमळत. मग पावसानं भाताचं खाचर भरलं. पिल्लं काठावर पोचली आणि एकामागून एक पाण्यात उतरली. कोंबडी बांधावर पिसं फुलवून, मान ताणून ओरडत येरझाऱ्या घालत होती. काकी मला म्हणाल्या, ‘‘बघितलंस? रक्त बोललं.’’

खरं आहे, पण रक्त अर्धंच बोललं. पाण्यात पाय मारणं उपजत होतं. तासाभरानं तीच पिल्लं बाहेर आली आणि कोंबडीच्या पंखाखाली शिरली. आई कोण, हे त्यांनी अंड्यातून निघाल्यावरच्या पहिल्या काही तासांत शिकून घेतलं होतं. त्या वेळात जी हलती, आवाज करणारी वस्तू जवळ असेल ती आई, आणि तो ठसा मग सहजी पुसला जात नाही. डग्लस स्पाल्डिंग यांनी कोंबडीच्या पिल्लांत हे 1873 मध्येच लिहून ठेवलं होतं. लोरेन्झनी पुढे हंसाच्या पिल्लांची आई स्वतःच होऊन ते जगाला दाखवलं.

म्हणजे ‘कुणाच्या तरी मागे जा’ हा हुकूम उपजत, ‘कुणाच्या’ हे नाव शिकलेलं आणि ते नाव भरायची मुदत पुन्हा उपजतच ठरलेली. पुढची बहुतेक उत्तरं याच धाटणीची आहेत, तेव्हा हे खाचर लक्षात ठेवा.

सुगरणीला घरटं विणायला कोण शिकवतं?

आधी एक दुरुस्ती. नाव स्त्रीलिंगी आणि कौतुकही गृहिणीचं, पण विणकर नर असतो. मादी परीक्षक आणि फार कडक परीक्षक.

जून-जुलैत विहिरीवर वाकलेल्या बाभळीखाली किंवा शिंदीच्या झाडाखाली दुर्बीण घेऊन बसा. नर गवताच्या, भाताच्या किंवा उसाच्या पात्याच्या कडेला चोचीनं खाच पाडतो, कड चोचीत धरून उडतो आणि लांबलचक पट्टी सोलून आणतो. फांदीला वेढे, मग एक कडं, मग त्याच्या भोवती शिरस्त्राणासारखा अर्धा घुमट. इथे काम थांबतं. माद्या येतात, आत शिरून बघतात. पसंत पडलं तर नर अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी पुरी करतो. नाही पडलं तर ते अर्धं तसंच लटकत राहतं आणि गडी दुसरं सुरू करतो. झाडाखाली गळून पडलेली ओबडधोबड कडी दिसतात, ती बहुतेक वेळा नवशिक्यांची. तरुण नर आधी असं पुष्कळ वाया घालवतात.

आता मूळ प्रश्न. निकोलस आणि एल्सी कोलियास या जोडप्यानं 1960च्या दशकात आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर, म्हणजे आपल्या सुगरणीच्या चुलतभावांवर, प्रयोग केले. काही पिल्लांना कोवळ्या वयात हिरव्या पात्या मिळूच दिल्या नाहीत. पुढे पात्या मिळाल्यावर त्यांना विणायची ओढ होती, चोच त्या दिशेनं चालत होती, पण पट्टी सोलणं आणि गुंफणं त्यांना धड जमेना. ज्यांना लहानपणापासून चोचीत पात्या घोळवायला मिळाल्या, त्यांचा हात बसला. शिकवणी कुणीच घेतलेली नव्हती. ओढ आणि आराखडा घेऊन पिल्लू जन्मतं. हात बसायला गवत खराब करावं लागतं. सुतारकाम शिकलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरात वाढतं, मग मोठेपणी ‘कुहू’ कसं काय म्हणतं?

कारण कोकिळेचं गाणं ऐकून शिकायचं गाणंच नाही. ते उपजत असतं. (इथेही गातो तो नर. ठिपक्याठिपक्यांची मादी नुसती ‘किक् किक्’ करते.) सातभाईंच्या घरट्यात वाढलेला पावशाही मोठा झाल्यावर ‘पेरते व्हा’च म्हणतो. परक्याच्या घरी वाढणाऱ्याला ऐकून शिकणं परवडणारच नाही. तो चुकीचंच शिकेल.

दयाळ, बुलबुल, चिमण्या यांच्या मोठ्या गोतावळ्यात मात्र गाणं शिकावं लागतं. पीटर मार्लर यांनी कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या पट्ट्यांच्या चिमण्यांवर केलेलं काम मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. या चिमण्यांत गावागणिक बोली बदलते. पिल्लू एकटं, काहीच न ऐकवता वाढवलं तर मोठेपणी ते गातं, पण बेढब. पहिल्या दीड-दोन महिन्यांत आपल्या जातीचं गाणं ऐकवलं तर पुढे तेच म्हणतं. आपल्या जातीचं आणि परजातीचं अशी दोन्ही गाणी ऐकवली तर आपलं उचलतं. म्हणजे काय शिकायचं याची निवड आतून आलेली असते. आणखी एक गोष्ट मासाकाझू कोनिशी यांनी 1965 मध्ये दाखवली. गाणं ऐकून झालं, पण स्वतः गायला लागायच्या आत ऐकण्याची शक्ती गेली, तर ते पाठ झालेलं गाणंही त्याला गाता येत नाही. स्वतःचा आवाज ऐकत, मनातल्या गाण्याशी ताडून बघत रियाज करावा लागतो.

पोपट ‘विठू विठू’ म्हणतो ते शिकलेलंच ना?

हो, पूर्णपणे. रानात तो ही नक्कल करायची शक्ती आपल्या थव्यातले आवाज उचलायला वापरतो. पिंजऱ्यात थवा म्हणजे तुम्ही. आपले देशी पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, हे या प्रश्नासोबत दर वेळी सांगावं लागतं.

मांजराला उंदीर मारायला आई शिकवते की ते रक्तातच असतं?

1930 साली झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञानं हे तपासलं. आईला उंदीर मारताना बघत वाढलेल्या 21 पिल्लांपैकी 18 पिल्लं उंदीर मारू लागली. एकटी वाढवलेल्या 20 पैकी 9. आणि उंदराच्याच सोबतीनं वाढलेल्या 18 पैकी फक्त 3.

हे आकडे नीट बघा. कुणी दाखवलं नाही तरी निम्म्याच्या आसपास पिल्लांना जमलं, म्हणजे काहीतरी आतून आहेच. आईनं दाखवलं तर ते पक्कं झालं. बालपणीच्या सोबतीनं ते जवळजवळ झाकलं गेलं. घरच्या मांजरीनं आधी मेलेला उंदीर आणून टाकणं, मग अर्धमेला, मग जिवंत, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पहिला आकडा कळेल. ज्यांची मांजर उंदराकडे बघून जांभई देते, त्यांनी तिसऱ्या आकड्यावर समाधान मानावं.

उंदीर विषाचं आमिष एकदा चाखून परत तोंड का लावत नाहीत?

कारण पोटात मळमळलं की उंदीर नेमका चवीला दोष देतो. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोलिंग यांनी 1966 मध्ये उंदरांना गोड पाणी पाजताना सोबत दिवा आणि टकटक आवाजही ठेवला. ज्यांना नंतर मळमळ आणवली, त्यांनी गोड चव टाळली, दिव्या-आवाजाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. ज्यांना विजेचा झटका दिला, त्यांनी दिवा आणि आवाज टाळला, चव नाही. उंदीर शिकतो, पण कशाचा संबंध कशाशी जोडायचा याच्या वाटा आधीच आखलेल्या असतात. तोवर अनेकांचा समज होता, की शिकणाऱ्या प्राण्याला काहीही कशाशीही जोडायला शिकवता येतं.

शेतात झिंक फॉस्फाईड हे उंदरांचं विष वापरण्याआधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा तेलात कालवून ठेवायला सांगतात, ते याचसाठी. उंदीर नवीन खाणं आधी चिमूटभरच चाखतो. ओळख पटलेलं असलं तर पोटभर खातो.

सापाची भीती जन्मजात असते का?

माकडांपुरतं बोलायचं तर भीती जन्मजात नसते, ती चटकन शिकायची तयारी जन्मजात असते. सुसान मिनेका यांना 1980च्या दशकात असं दिसलं, की प्रयोगशाळेत जन्मलेली ऱ्हीसस माकडं सापाला भीत नाहीत. पण रानातलं माकड सापाला बघून घाबरताना त्यांनी थोडा वेळ पाहिलं की तीही घाबरायला लागतात. मग चित्रफितीत काटछाट करून, तेच माकड जणू फुलाला घाबरतंय असं दाखवलं. फुलाला कुणीही भ्यायलं नाही.

ढवळ्या-पवळ्याची म्हण शास्त्राला धरून आहे का?

नवा खोंड औताला धरताना शेतकरी त्याला सरावलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो. जुना बैल तासाच्या टोकाला वळतो, जू ओढलं जातं, खोंडाला वळावंच लागतं. वळणाआधी मालकाची ठरलेली हाक असते. काही दिवसांनी जू ओढलं जायच्या आत, नुसत्या हाकेवर खोंड वळतो. इव्हान पावलोव्ह यांच्या कुत्र्यांनी हेच केलं: खाण्याआधी ठरावीक आवाज, आणि पुढे नुसत्या आवाजानं लाळ. (नोबेल मात्र त्यांना 1904 साली पचनावरच्या कामासाठी मिळालं.) मासेवालीची हाळी ऐकून आळीतली मांजरं जिन्यात येतात, तेही हेच. पाठ्यपुस्तकात याला अभिजात अभिसंधान म्हणतात. शब्द बैलापेक्षा जड आहे.

तेव्हा वाण नाही पण गुण लागतो, हे खरं. फक्त म्हणीतला पवळ्या बिघडलेला असतो आणि शेतातला खोंड सुधारलेला.

प्राणी एकमेकांना खरोखर शिकवतात, की पिल्लं नुसती बघून उचलतात?

बहुतेक वेळा बघून उचलतात. जपानच्या कोशिमा बेटावर 1953 मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीनं वाळू लागलेली रताळी पाण्यात धुवून खायला सुरुवात केली. आधी तिच्या सवंगड्यांनी आणि आईनं ते उचललं, पुढे आयांकडून पिल्लांकडे गेलं. मोठे नर बहुतेक तसेच वाळू चावत राहिले. यात इमोनं कुणाला काही शिकवलं नाही.

खरं शिकवणं म्हणजे स्वतःची तसदी वाढवून दुसऱ्याला शिकायची संधी देणं. ते आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात राहणाऱ्या मीरकॅटमध्ये (आपल्या मुंगसांचे भाऊबंद) दिसलं. अगदी लहान पिल्लांना मोठी मंडळी मेलेला विंचू देतात, जरा मोठ्यांना नांगी काढलेला जिवंत, मग आख्खा. अॅलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांच्या 2006च्या अभ्यासातली गंमत अशी, की मोठ्या पिल्लांचा आवाज ध्वनिमुद्रणावर ऐकवला की मोठे लोक लहान पिल्लांनाही जिवंत शिकार आणून देतात. म्हणजे ‘विद्यार्थ्याची प्रगती’ बिगती कुणी बघत नाही. शिकवणं चालू आहे, पण ते शिकवणंच मुळी उपजत.

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना वाट कोण सांगतं?

ए. सी. पर्डेक यांनी नेदरलँड्समध्ये हिवाळी मुक्कामाला निघालेले 11,000हून अधिक स्टारलिंग (आपल्या भोरड्यांचे युरोपातले भाऊबंद) पकडून विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. निष्कर्ष 1958 मध्ये आले. आधी एक तरी फेरी केलेले जाणते पक्षी दिशा बदलून नेहमीच्या मुक्कामाकडे गेले. पहिलटकर मात्र आधीच्याच दिशेनं तेवढंच उडत राहिले आणि भलतीकडे, फ्रान्सच्या दक्षिणेला आणि स्पेनमध्ये पोचले. दिशा आणि अंतर जन्मासोबत मिळतं. मुक्कामाचा पत्ता एकदा जाऊनच कळतो.

वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं थेट पाण्याकडेच कशी जातात?

पिल्लं उजळ आणि मोकळ्या क्षितिजाकडे चालतात, आणि रात्रीच्या किनाऱ्यावर ते समुद्राच्या बाजूला असतं. हे शुद्ध उपजत. आई अंडी घालून केव्हाच गेलेली असते. म्हणूनच किनाऱ्यामागे प्रखर दिवे लावले की पिल्लं उलटी, रस्त्याकडे चालू लागतात. लाखो वर्षं बिनचूक चाललेल्या नियमाला हॅलोजनची सूचना कुणी दिलेली नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी घरटी राखायला सुरुवात केली. पिल्लं सोडताना बघायला गेलात तर मोबाइलचा दिवा बंद ठेवा.

मधमाशीचा नाच तरी संपूर्ण उपजत आहे ना?

2023पर्यंत मीही वर्गात असंच सांगत होतो. पोळ्यावर नाचताना उभ्या रेषेशी केलेला कोन म्हणजे सूर्याशी केलेला कोन, आणि थरथरण्याचा वेळ म्हणजे अंतर, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडलं. लोरेन्झ आणि टिनबर्गन यांच्यासोबत 1973चं नोबेल त्यांना मिळालं. पण 2023 मध्ये ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत आलेल्या अभ्यासात, जाणत्या माश्यांचा नाच बघायलाच न मिळालेल्या तरुण माश्या नाचल्या खऱ्या, पण बऱ्याच चुका करत. कोनाच्या चुका पुढे सुधारल्या. अंतराची चूक मरेपर्यंत तशीच राहिली. माझ्या जुन्या टिपणांतलं ते पान मी फाडलं.

अंगणात पाखराचं पिल्लू पडलेलं सापडलं. वाढवू का?

बहुधा नको. अंगावर पिसं आलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळपास आहेत. मांजर-कुत्रं आवरा आणि लांब व्हा. उघडंनागडं असेल तर घरटं शोधून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पाखरं पिल्लू टाकत नाहीत, ती नुसती समजूत आहे. फार लहानपणी हातावर वाढलेलं पिल्लू माणसालाच आपली जात समजून बसू शकतं आणि मग ना घरचं, ना रानातलं.

पिल्लू कावळ्याचं असेल तर डोक्यावर टोपी घालून जा. आईबाप टोचतात, आणि त्या दिवसापुरतं भागलं असं समजू नका. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये जॉन मार्झलफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडून सोडले होते. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करून अंगावर येत. त्यात पकडापकडीच्या वेळी अंड्यातूनही न निघालेले कावळे होते.